'३० दिवसांत मंगळ' : प्लाझ्मा इंजिनाच्या दाव्याचा हिशेब

नागपुरातील इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर सतत फिरतो आहे : रशियाच्या प्लाझ्मा इंजिनामुळे माणूस 30 दिवसांत मंगळावर पोहोचेल, या इंजिनाला इंधन लागत नाही, रॉकेटची जुनी इंजिने आता निकाली निघाली आणि भारत यात कुठेच नाही. या क्षेत्राकडे वळू पाहणाऱ्या मुलांची यातून दिशाभूल होते, म्हणून हे उत्तर.

प्लाझ्मा इंजिन म्हणजे विजेच्या जोरावर वायूचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, करून त्याचा झोत वेगाने मागे फेकणारे इंजिन. आधी 30 दिवसांचे पाहू. रशियाच्या सरकारी अणुऊर्जा महामंडळाने, रोसॅटमने, 2025 मध्ये प्रयोगशाळेतील नमुन्याचे जाहीर केलेले आकडे असे : 6 न्यूटन रेटा (यानाला पुढे ढकलणारा जोर), झोताचा वेग सेकंदाला 100 किलोमीटर आणि सरासरी शक्ती 300 किलोवॅट. 6 न्यूटन म्हणजे नागपूरच्या बर्डीच्या बाजारात घेतलेली 600 ग्रॅम संत्री तळहातावर ठेवल्यावर जाणवेल तेवढा भार. एवढ्या रेट्याने 10 टनांच्या यानाचा वेग दिवसाकाठी सेकंदाला सुमारे 52 मीटरने वाढेल, म्हणजे इंजिन महिनाभर अखंड चालले तरी एकूण वाढ सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास राहील. मंगळ अगदी जवळ, साडेपाच कोटी किलोमीटरवर असला, तरी 30 दिवसांत तेथे पोहोचायला सेकंदाला सरासरी 21 किलोमीटर वेग हवा. आणि माणसे नेणारे यान 10 टनांत बसणारही नाही.

रेटा वाढवायचा तर वीज वाढवावी लागते, आणि खरा अडसर तिथेच आहे. वरच्या आकड्यांत झोतालाच लागणारी शक्ती, म्हणजे रेटा आणि झोताचा वेग यांच्या गुणाकाराची निम्मी रक्कम, बरोबर 300 किलोवॅट भरते, म्हणजे विजेचा एकही वॅट वाया न जाता हे साधले असे धरावे लागते, जे कोणत्याही प्रत्यक्ष इंजिनात घडत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे मूळचे आठ सौर पंखे मिळून भर उन्हात सुमारे 240 किलोवॅट वीज देत, आणि मंगळाजवळ ऊन पृथ्वीच्या निम्म्याहूनही कमी असते. अणुभट्टीचे म्हणाल, तर अमेरिकेने 1965 मध्ये कक्षेत पाठवलेली अणुभट्टी जेमतेम अर्धा किलोवॅट वीज देत होती.

'इंधन लागत नाही' हे तर सरळ चूक आहे. प्लाझ्मा ज्याचा करायचा तो वायू यानाला बरोबर न्यावाच लागतो. 2007 मध्ये निघालेल्या नासाच्या 'डॉन' यानात 425 किलो झेनॉन वायू होता. मात्र तेवढ्यावर ते 2011 मध्ये वेस्टा या लघुग्रहाच्या आणि 2015 मध्ये सेरेस या बटुग्रहाच्या कक्षेत शिरले. इंधनाची ही काटकसर हेच या इंजिनांचे मोठेपण आहे.

रॉकेटची जुनी इंजिनेही निकाली निघालेली नाहीत. जमिनीवरून उडायला रेटा यानाच्या वजनाहून जास्त लागतो. ही इंजिने त्याच्या जवळपासही जात नाहीत, शिवाय ती चालतात निर्वातात. त्यामुळे 'डॉन'लाही वर नेले ते रासायनिक रॉकेटनेच.

भारताविषयीची पुस्तीही खोटी आहे. इस्रोने मार्च 2025 मध्ये 300 मिलिन्यूटनचा प्लाझ्मा थ्रस्टर (उपग्रहाचे छोटे प्लाझ्मा इंजिन), अवकाशासारखी स्थिती निर्माण केलेल्या निर्वात कक्षात, 5.4 किलोवॅटवर 1000 तास चालवून पाहिला आणि अधूनमधून त्याच्या आतल्या अस्तराची झीज तपासली. असा थ्रस्टर उपग्रहावर महिनोन्महिने चालवायचा असतो, म्हणून अस्तर किती झिजते यावर त्याचे आयुष्य ठरते.