पिचकारी, प्लंजर आणि ‘ऐकीव माहिती’

डिझेल इंजिनाला दाबानं इंधन पुरवणाऱ्या पंपावरच्या माझ्या लेखाला निपाणीच्या एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. मी लिहिलं होतं, की डिझेल कमी सोडा वा जास्त, पंपातल्या प्लंजरचा, म्हणजे दट्ट्याचा, स्ट्रोक (वरखाली होण्याचं अंतर) कायम तेवढाच राहतो. त्यांचं म्हणणं असं, की हे चूक, कारण ‘पिचकारी जेवढी दाबाल तेवढंच पाणी येणार’. शिवाय रोटरी या दुसऱ्या जातीच्या पंपाचा उल्लेख नाही, आणि ‘कॉमन रेल’ या नव्या पद्धतीच्या जमान्यात हे सगळं कालबाह्य. वर एक वाक्य फेकलंय: ‘गॅरेजातली ऐकीव माहिती विज्ञान म्हणून खपवू नका.’

साहेब, चूक दाखवा, माझी ना नाही. पण ‘ऐकीव’ कशावरून? बेळगावच्या उद्यमबागेत पंप तपासायच्या टेस्ट बेंचवर माझी उमेदीची वर्षं गेली. अंघोळ केली तरी जेवताना हाताला डिझेलचा वास यायचा. आमचे मिस्त्री तोंडानं फारसं शिकवत नसत. प्लंजर स्वच्छ डिझेलमध्ये धुवायचा, बॅरल, म्हणजे त्याची नळी, तिरकं धरून तो थोडा बाहेर ओढायचा आणि सोडायचा. आपल्याच वजनानं, न अडकता, सावकाश आत गेला तर एलिमेंट, म्हणजे ही जोडी, चांगलं. सटकन गेला तर झिजलं. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची, त्यामुळे एका जोडीचा प्लंजर दुसऱ्या बॅरलात घालणाऱ्याला दिवसभर बोलणी बसत. ती बोलणी मी खाल्लीत. ऐकीव म्हणे!

बरं, पिचकारीच घेऊ. नळीच्या बाजूला एक भोक पाडा. दट्ट्याच्या माथ्यानं भोक झाकलं की दाब तयार होतो. आता दट्ट्याच्या अंगावर तिरकी खाच कापा आणि तिथून माथ्यापर्यंत उभी वाट काढा. दट्ट्या पुढे सरकतोय. खाच भोकासमोर आली की उरलेलं पाणी त्या वाटेनं भोकातून मागे. दट्ट्या शेवटपर्यंत गेलाच की! तरी तोंडातून किती उडालं हे खाच भोकाला कधी भेटली यावर ठरलं. पंपातला कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, प्लंजरला दर वेळी तेवढाच उचलतो. रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दातेरी पट्टी, सरकला की प्लंजर स्वतःभोवती थोडा फिरतो आणि खाच भोकाला लवकर किंवा उशिरा गाठते. १९२७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीनं कारखान्यात काढलेला पंप याच तत्त्वावर होता. तुमचं भांडण तिकडे न्या. जुना ट्रॅक्टर बंद करताना स्टॉपची दांडी ओढता ना? तेव्हा ती उभी वाटच भोकासमोर येते. इंजिन थांबेपर्यंत प्लंजर वरखाली होत राहतो, पण नोझलला थेंब मिळत नाही. स्ट्रोक कुठे कमी झाला, सांगा.

आणि रॅक थेट आपल्या पायाला बांधलाय असंही समजू नका. मध्ये इंजिनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर असतो. उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चढाला लागला, इंजिनचे फेरे उतरले, की गव्हर्नरची वजनं आत येतात आणि रॅक जास्त डिझेलकडे सरकतो. ड्रायव्हरनं हाताची दांडी हलवलेलीही नसते.

राहिला रोटरीचा मुद्दा. माझा लेख ‘इनलाइन’, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेल्या पंपावर होता; त्याच्या शीर्षकात तो शब्द हवा होता, एवढं मान्य. घातला.

कॉमन रेलमध्ये पंप फक्त दाब सांभाळतो, डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर इंजेक्टर उघडून ठरवतो, हे मलाही ठाऊक आहे. लेख त्यावर नव्हताच. कालबाह्य म्हणाल तर उसाच्या हंगामात संकेश्वरच्या रस्त्याला तासभर उभे राहा आणि जुने ट्रॅक्टर किती जातात ते बघा.

रोटरीवर लिहीन, पण साखर कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. सध्या बाकावर पंपांची रांग आहे. तोवर प्रतिक्रिया जरूर लिहा, फक्त आधी एखादं एलिमेंट हातात घेऊन बघा.