मोठ्या तिजोरीला नवं सुचत नाही, हे बडोद्यात बसून म्हणू नका

गेल्या पंधरा दिवसांत एकच मजकूर मला तीन जणांनी पाठवला. आधी भाच्यानं, मग ऑफिसातल्या एका पोरानं, आणि काल तर चक्क आमच्या साडूंनी, ज्यांनी जन्मात पत्त्यांपलीकडे कसला गेम खेळलेला नाही. मजकुराचं सार असं: मोठ्या गेम कंपन्यांनी आजवर एकही नवी कल्पना दिली नाही. नवं सगळं छोट्या स्टुडिओंतून येतं, मोठे ते चोरतात. छोट्यांना ते विकत घेतात ते मारून टाकायला. पैसा जितका जास्त तितकी हिंमत कमी. म्हणून मोठ्यांचे गेम घेणं बंद करा.

यावर भाच्याशी इथल्या, बडोद्याच्या खंडेराव मार्केटजवळ सेव उसळ खाताना तासभर वाद झाला. शेवटी त्याचं तोंड बंद केलं ते तिखटानं, माझ्या मुद्द्यांनी नाही. म्हणून लिहून काढतोय.

'एकही नवी कल्पना नाही' यापासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. २००० साली 'द सिम्स' आला. तो बनवणारी मॅक्सिस ही कंपनी 'सिमसिटी'मुळे नावाजलेली, पण बेताच्या आकाराची. तिथल्या विल राइटचं घर १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात जळालं. संसार पुन्हा उभा करताना त्याच्या डोक्यात आलं की माणूस घरात कुठल्या वस्तू आणतो, का आणतो, दिवसभर काय करतो, यावरच गेम का नसावा? मॅक्सिसच्या संचालकांना हे बाहुल्यांचं घर काही रुचलं नाही. फारसे पैसे मिळेनात. १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या गेम कंपनीनं मॅक्सिस विकत घेतली तेव्हा कुठे या कल्पनेला धनी भेटला. म्हणजे मजकुराच्या बरोब्बर उलटं झालं: नाक मुरडलं छोट्यानं, थैली सोडली मोठ्यानं. मार्च २००२ पर्यंत ६३ लाख प्रती खपल्या आणि पीसीवर तोवर सर्वांत जास्त खपलेला गेम तो ठरला.

त्या काळात दांडिया बाजारातल्या एका सायबर कॅफेत आम्ही रोज 'काउंटर-स्ट्राइक'वर पडीक असायचो. एका मित्राची बहीण कोपऱ्यातल्या मशीनवर 'सिम्स'मध्ये भिंतींना रंग देत बसायची. आम्ही तिला हसायचो, 'हा काय गेम आहे?' म्हणून. ज्याला शत्रू नाही, जिंकणं नाही, शेवट नाही, ते आमच्या लेखी खेळच नव्हतं. नवी गोष्ट डोळ्यांसमोर होती आणि आम्हाला ती ओळखता आली नाही. तेव्हा 'मला नवं दिसलं नाही' आणि 'नवं झालंच नाही' यांत अंतर आहे, हे मी अनुभवानं सांगतो.

निन्टेंडोबद्दल दोनच वाक्यं, कारण त्यावर वाद घालायला भाचाही तयार नव्हता. १८८९ साली क्योटोत पत्ते बनवण्यापासून सुरू झालेल्या या कंपनीनं (साडूंनी कान द्यावा) २००६ मध्ये 'वी' हे गेमचं यंत्र आणून हात हलवून टेनिस खेळायला आजी-आजोबांना सोफ्यावरून उठवलं, २०१५ च्या 'स्प्लाटून'मध्ये बंदुकीतून गोळीऐवजी रंग उडवून जमीन जिंकायला लावली आणि २०२३ च्या 'टिअर्स ऑफ द किंगडम'मध्ये हाताला लागेल ती वस्तू दुसरीला जोडून गाडी, तराफा, विमान काय वाटेल ते करायला दिलं. आणि यातला हा तिसरा गेम तर सीक्वेल आहे, हेही लक्षात घ्या. क्रमांक वाढला म्हणून कल्पना शिळी होत नाही.

आता चोरीचा आरोप. इथे मजकूर निम्मा खरा आहे. भाचा रात्री दोनपर्यंत जो बीजीएमआय (पबजीचा भारतातला मोबाइल अवतार) खेळतो, त्यातली शंभर जणांत एकच उरेल ही कल्पना एका हौशी माणसानं दुसऱ्याच गेममध्ये फेरफार करता करता रुजवली. त्यातून २०१७ मध्ये पबजी आला, पण तो नीट चालायला महागडा पीसी लागायचा. मग तो मांडवीतल्या पोराच्या साध्या फोनवर कसा पोचला? टेन्सेंट या बड्या चिनी कंपनीनं २०१८ मध्ये तो मोबाइलवर बसवला म्हणून. एवढं मैदान, एवढी माणसं, लहान पडदा, कमकुवत चिप, तुटकं नेटवर्क. हे सगळं जुळवणं ही कल्पनेपेक्षा कमी दर्जाची कामगिरी आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा करून पाहावी.

पण मला खरा उल्लेख करायचाय तो पिंगचा. २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्याच रिस्पॉन स्टुडिओनं 'एपेक्स लेजेंड्स' आणला. त्यात एक बटण दाबलं की समोरच्या वस्तूवर खूण उमटते आणि आपलं पात्र साथीदाराला सांगतं: इथे शत्रू दिसला, इथे गोळ्या पडल्यात, तिकडे जाऊ या. नकाशावर खूण करण्याची सोय आधीच्या काही गेममध्ये होती, पण अख्खा गेम एक शब्दही न बोलता संघानं खेळता यावा इतकी ती कुणी विणली नव्हती. ज्याला ऐकू येत नाही, ज्याच्याकडे माइक नाही, ज्या मुलीला अनोळखी पोरांसमोर आवाज काढायचा नाही, त्यांना यानं दार उघडलं. आपल्याकडे तर एका संघात एक गुजराती, एक तमिळ आणि एक आमच्यासारखा, मराठीत सुरू करून गुजरातीत वाक्य संपवणारा. पुढे इतरांनी ही रचना उचलली. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीनं तिचं पेटंट स्वतःहून सर्वांना मोफत वापरायला मोकळं केलं. मोठे चोरतात म्हणे. इथे तर मोठ्यानं घराची किल्ली गल्लीत टांगली.

आणि छोटे जी नक्कल करतात ती कोण मोजणार? एकानं सेव उसळीवर चीज घातलं की महिन्याभरात सगळ्या लाऱ्यांवर, म्हणजे हातगाड्यांवर, चीज दिसतं. 'व्हँपायर सर्व्हायव्हर्स' हा छोट्याचा गेम गाजल्यावर त्याच्या धर्तीवरच्या गेमचा असाच पूर आला. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त गेम आले. त्यातले बहुतेक छोट्यांचे. ते सगळे नवे असते तर आपल्याला झोपच लागली नसती.

विकत घेऊन मारण्याचा मुद्दा मात्र मला टाळता येत नाही. वॉर्नर ब्रदर्सच्या 'शॅडो ऑफ मॉर्डोर'नं २०१४ मध्ये नेमेसिस नावाची रचना आणली. तुम्हाला मारणारा फालतू शिपाई बढती मिळवतो, पुन्हा भेटला की तुम्हाला ओळखतो, मागच्या वेळची आठवण काढून टोमणे मारतो. प्रत्येकाचा वैरी वेगळा. अशी कल्पना दहा वर्षांत एखादी येते. कंपनीनं काय केलं? २०२१ मध्ये तिच्यावर पेटंट मिळवलं, दुसऱ्यांची वाट अडवली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बनवणारा मोनोलिथ स्टुडिओच बंद केला. मायक्रोसॉफ्टच्या छत्राखालच्या टँगो गेमवर्क्सनं जानेवारी २०२३ मध्ये 'हाय-फाय रश' आणला, ज्यात मारामारीपासून झाडांच्या डुलण्यापर्यंत सगळं गाण्याच्या तालावर चालतं. वाहवा झाली, आणि मे २०२४ मध्ये स्टुडिओला टाळं लावायची घोषणा. (ऑगस्टमध्ये त्याला वाचवलं ते क्राफ्टननं, म्हणजे भाच्याच्या बीजीएमआयवाल्यांनी. तीही काही पानाची टपरी नव्हे.) 'सिम्स'वाल्या मॅक्सिसचं एमरिव्हिलचं मुख्य ऑफिससुद्धा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं २०१५ मध्ये बंदच केलं.

पण नीट पाहा, ही उदाहरणं मजकुराच्या पहिल्याच वाक्याला खोटं पाडतात. मोठ्यांच्या घरात नवं जन्मलं, म्हणून तर ते तिथे मारता आलं. त्यांचा दोष वांझपणाचा नाही, हेळसांडीचा आहे. मजकूर लिहिणाऱ्यानं एवढंच लिहिलं असतं तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

'पैसा जास्त, हिंमत कमी.' आकडे याच्या बाजूनं दिसतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीचे कागद दाखल झाले. गुपित आकड्यांवर काळं मार्कर फिरवलं होतं, पण स्कॅन केल्यावर ते आरपार वाचता आले. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'चा खर्च २२ कोटी डॉलर, माणसं सुमारे दोनशे. एवढे पैसे लावणाऱ्याचा हात थरथरणारच.

मात्र थरथर पैशामुळे होते की दर तीन महिन्यांनी भागधारकांपुढे उभं राहावं लागतं म्हणून? आपल्या गावाकडेच बघा. सयाजीरावांकडे पैसा कमी होता का? सक्तीचं मोफत शिक्षण त्यांनी १८९३ मध्ये आधी अमरेलीत करून पाहिलं आणि १९०६ मध्ये राज्यभर लागू केलं. तेरा वर्षं. मधल्या काळात तिमाही निकाल कुणी मागितला नाही. १८९० मध्ये कलाभवन काढलं, जिथे आज एमएस युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. तिथे शिकून गेलेल्यांत दादासाहेब फाळके होते. तिजोरी मोठीच होती. प्रयोग आधी लहान ठेवला आणि त्याला वेळ दिला. 'टिअर्स ऑफ द किंगडम' ठरल्यापेक्षा सुमारे वर्षभर उशिरा आला, तोही असाच. जिथे हे जमत नाही तिथे २२ कोटी काय नि २२ लाख काय.

उरला बहिष्कार. करा खुशाल, पैसे तुमचे. फक्त घरात काय काय आहे ते एकदा तपासा. भाच्याकडे 'इट टेक्स टू' आहे. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे आई-बाप बाहुले होतात, एकाच्या हाती हातोडा आणि दुसऱ्याकडे खिळे, दर तासाला खेळायची तऱ्हा बदलते, आणि एकट्याला तो खेळताच येत नाही. दोघांत एकानं घेतला की दुसऱ्याला फुकट. २०२१ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम ठरला. दिवाळीत भाच्यानं बहिणीबरोबर तो तीन रात्रींत संपवला आणि 'मामा, असलं काही आजवर खेळलो नव्हतो' असा मला फोन केला होता.

बनवला स्वीडनच्या छोट्या स्टुडिओनं. पैसे कुणी लावले ते सुरुवातीच्या पडद्यावरच येतं: त्याच इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं. उसळीचा दुसरा पाव मोडताना मी त्याला ते घरी जाऊन बघायला सांगितलं. त्याला चार दिवस झाले. अजून फोन आलेला नाही, आणि उसळीचे पैसेही मीच दिले.