आप्पांनी घरादाराचा त्याग केला नव्हता

किसननगरच्या नाक्यावर आमच्या आप्पांचा बॅनर लागलाय. आप्पा म्हणजे माझे सासरे. ‘घरादाराचा त्याग करून देशासाठी लढलेल्या वीर जवानाला भावपूर्ण श्रद्धांजली.’ फोटोत आप्पा एवढेसे, श्रद्धांजली वाहणारे चेहरे त्यांच्याहून मोठे. ठाण्यात हे चालायचंच. पण ते ‘घरादाराचा त्याग’ वाचलं की माझं डोकं फिरतं.

आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणचे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात, डिसेंबरात ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून तिथल्या जमालपूरच्या दक्षिणेला जाऊन बसली आणि ढाक्याकडचा रस्ता अडवला. १० तारखेच्या रात्री पाकिस्तानी सैन्य तो वेढा फोडायला आलं. ११ ला जमालपूर पडलं. शोकसभेत हे सगळं सांगून झालं. आप्पा स्वतः सांगायचे ते एवढंच, की खंदक खणून हात सोलले होते. नातवाने फार खोदून विचारलं तर, ‘अभ्यास झाला का?’

जवानाला पंधरा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसते. ती बसल्यावर आप्पा बढतीसाठी थांबले नाहीत. साताऱ्याकडे गावी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन लेकरं आणि अंथरुणाला खिळलेली त्यांची सासू एकटीने सांभाळत होत्या. आप्पा नायक याच हुद्द्यावर फौजेतून बाहेर पडले, सगळ्यांना घेऊन ठाण्याला आले आणि वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या गेटवर उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांना सलाम ठोकायचं वाईट नाही वाटलं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “संध्याकाळी घरी यायला मिळत होतं की.”

तापट होते, हेही खरं. पहाटे पाचला घर उठलंच पाहिजे, गॅसचा नंबर त्यांनीच लावायचा. ब्रासोचा डबा कायम घरात, पण त्याने पदकं कमी आणि देवघरातली समई जास्त घासली जायची.

त्यांची एक निळी फाईल आहे. पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक, ईसीएचएसचं म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, आईंबरोबरच्या जॉइंट खात्याचं पासबुक. लष्कराच्या नोंदीत आईंचं नाव एक, आधारवर दुसरं. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करकरून आप्पांनी ते जुळवून घेतलं, कारण ते नसतं तर त्यांच्या माघारी फॅमिली पेन्शनसाठी आईंनाच खेटे घालावे लागले असते. आजूबाजूच्या कितीतरी फौजींच्या बायकांना ते स्वतः जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जायचे. रांगेत उभे राहायचे, वर चहाही पाजायचे. शोकसभेत याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. काढणार कोण? त्या बायकांना माइक कुणी दिलाच नव्हता.

आईंची कागदपत्रं बँकेत गेली, एकाही स्पेलिंगवर कुणी बोट ठेवलं नाही. परवा मागच्या चाळीतल्या काकू पिशवी घेऊन दारात. “आप्पा नाहीत, आता माझा फॉर्म कोण भरणार?” मी पेन घेऊन बसले. पण कुठला कागद कशाला जोडायचा, हे आईंना माझ्याहून जास्त ठाऊक निघालं.