पुढच्या अपडेटचं छातीठोक भाकीत कसं करावं

कन्सोल घेतला म्हणजे त्यावर गेम खेळलेच पाहिजेत, असा कुठे नियम नाही. गेम खेळायला वेळ लागतो, बोटं दुखतात आणि शेवटी बरेचदा हरायलाच होतं. त्यापेक्षा पुढच्या सिस्टिम अपडेटमध्ये काय काय येणार हे चारचौघांत सांगत सुटावं. यात हरणं शक्यच नाही. खरं ठरलं तर ‘मी म्हटलंच होतं’, खोटं ठरलं तर ‘कंपनीनं ऐन वेळी माघार घेतली’. पुंगी गाजराची आहे, वाजो न वाजो. मात्र नव्यानं या धंद्यात उतरणाऱ्यांनी थोडी शिस्त पाळावी.

आधी फीचर निवडा. निवडताना एकच कसोटी: त्यासाठी लागणारं हार्डवेअर यंत्रात पहिल्यापासून असलं पाहिजे. म्हणजे ‘आत सगळं आहे हो, कंपनीनं फक्त चालू करायचं बाकी आहे’ हे वाक्य बिनधास्त वापरता येतं. ते पाठच करून टाका, सत्तर टक्के काम तेवढ्यावर भागतं. (हा आकडाही आत्ताच पदरचा घातला. जमतंय ना?)

नमुना म्हणून निन्टेंडो स्विचचं ब्लूटूथ घ्या. कन्सोल मार्च २०१७मध्ये आला आणि त्यात ब्लूटूथ होतंच, कारण जॉय-कॉन, म्हणजे त्याचे सुटे कंट्रोलर, त्यावरच चालतात. मग बिनतारी हेडफोन का चालत नाहीत? साडेचार वर्षं हा विषय दर अपडेटच्या आधी नव्यानं तापवता आला. सप्टेंबर २०२१मध्ये १३.०.० आवृत्ती आली आणि हेडफोन खरोखरच चालू लागले. खेळणाऱ्यांची सोय झाली, पण भाकीतकारांचा केवढा हुकमी विषय गेला, याची कुणाला फिकीर?

त्या अपडेटसोबत आलेल्या अटी मात्र वाचू नका. एका वेळी एकच हेडफोन. हेडफोन जोडलेला असताना जास्तीत जास्त दोनच बिनतारी कंट्रोलर, त्यातही जॉय-कॉनची एक जोडी म्हणजे दोन कंट्रोलर धरायचे. ब्लूटूथचा माइक चालणार नाही. शेजारी बसलेल्याच्या कन्सोलशी थेट लोकल जोडणी केली की आवाज बंद. शिवाय काही हेडफोनवर आवाज मागे पडतो, म्हणजे उडी आधी आणि उडीचा आवाज नंतर. या अटी नीट वाचल्या की लक्षात येतं, कंट्रोलरचे सिग्नल आणि आवाज हे सगळं एकाच अरुंद वाटेनं जायचं आहे आणि त्या वाटेवर आधीच गर्दी आहे. एवढं कळल्यावर ‘फक्त चालू करायचं बाकी आहे’ हे वाक्य पूर्वीच्या जोमानं म्हणवत नाही. म्हणून वाचू नका.

मेमरीचा विषय तर तोंडातच आणू नका. प्लेस्टेशन ३मध्ये मुख्य मेमरी २५६ एमबी आणि ग्राफिक्ससाठी वेगळी २५६ एमबी. त्यातला एक हिस्सा सिस्टिम स्वतःकडे ठेवते, उरलेला गेमला देते. एकदा त्या हिशेबानं गेम बाजारात गेले की गेमला दिलेली मेमरी सिस्टिमला परत मागता येत नाही, कारण मागितली तर जुने गेम कोसळतील. दोघं वेगवेगळे गेम खेळत असताना आपसांत बोलणं एक्सबॉक्स ३६०वर सहज जमायचं. प्लेस्टेशन ३वर ते ‘पुढच्या अपडेटमध्ये’ येत राहिलं आणि कन्सोल निवृत्त झाला तरी आलं नाही. कंपनीच्या माणसांनीही शेवटी मेमरीकडेच बोट दाखवलं. आता हे गणित लोकांना समजावून सांगितलंत, तर ते दर महिन्याला तुमच्याकडे ‘येणार का हो?’ असं विचारायला येतील का? आपणच आपलं गिऱ्हाईक कशाला पळवायचं.

फीचर ठरलं की आधार लागतो. पूर्वी निन्टेंडोत नोकरीला असलेला मामा पुरायचा. हल्ली मामा जुना झाला, कंपनीचं एखादं पेटंट शोधून काढावं लागतं. पेटंटचे अर्ज दाखल झाल्यावर साधारण १८ महिन्यांनी सार्वजनिक होतात, त्यामुळे रतीब तुटत नाही. मोठ्या कंपन्या सुचेल ते नोंदवून ठेवतात. आपण करू न करू, दुसऱ्यानं करू नये एवढाच बरेचदा हेतू असतो. २०२१मध्ये प्लेस्टेशनवाल्या सोनीचा एक अर्ज गाजला. त्यात हातातली कुठलीही साधी वस्तू कॅमेऱ्यानं ओळखून तिचा कंट्रोलर म्हणून वापर करायची कल्पना होती, आणि उदाहरणादाखल चक्क केळं होतं. दुसऱ्या एका जुन्या पेटंटात टीव्हीवरची जाहिरात संपवायची असेल तर त्या ब्रँडचं नाव मोठ्यानं ओरडायचं, अशी सोय होती. यातलं काहीही आलं नाही, पण त्यामुळे पुढच्या पेटंटवरचा आपला विश्वास ढळता कामा नये.

पेटंटपेक्षा वजनदार आधार हवा असेल तर डेटामाइन. नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर, आलं की जाणकार मंडळी ते उघडतात, आतली नावं, मेनूतली वाक्यं, बंद ठेवलेल्या सोयी बाहेर काढतात. ते स्वतः फार जपून बोलतात: ‘असं एक नाव दिसतंय, अर्थ माहीत नाही.’ तुमचं काम एवढंच की यातला पहिला भाग घ्यायचा आणि दुसरा गाळायचा. सॉफ्टवेअरमध्ये अर्धवट सोडलेले प्रयोग, कारखान्यातल्या चाचणीचे तुकडे, कधीच न निघालेल्या मॉडेलची नावं वर्षानुवर्षं पडून राहतात. ती साफ करायला कुणाला सवड नसते, आणि काढताना भलतंच काही मोडण्याची भीती असते. स्विचच्या २०२०मधल्या फर्मवेअरमध्ये ‘आउला’ हे सांकेतिक नाव सापडलं. त्या एका सुतावरून लोक थेट ४केच्या स्वर्गात पोचले: नवी चिप, दुप्पट ताकद, नाव ‘प्रो’. जुलै २०२१मध्ये आउला प्रत्यक्ष जाहीर झालं तेव्हा सात इंची ओलेड पडदा, ६४ जीबी साठवण, टीव्हीला जोडायच्या डॉकला लॅनचं भोक, आणि चिप तीच. नाव खरं होतं, बाकीचं सगळं आपलं. अशा वेळी ‘प्रो रद्द करून हे काढलं’ असं सांगायचं. त्याचा पुरावा कोण मागणार?

स्क्रीनशॉट बनवायचा असेल तर कन्सोलच्या शेअर बटणानं काढलेला, स्वच्छ, पूर्ण आकाराचा देऊ नका. टीव्हीचा फोनवर फोटो काढा, तोही तिरका. मग तो दोनतीनदा मेसेजमधून पाठवून परत उतरवून घ्या, म्हणजे अक्षरांच्या कडा पुरेशा कुजतात आणि टंक चुकला असेल तर झाकला जातो. मेनूची भाषा जपानी ठेवली तर उत्तमच. कोपऱ्यातलं घड्याळ मात्र तपासा; भल्याभल्यांचं पितळ तिथंच उघडं पडतं. आवृत्तीचा आकडा गोल ठेवा, शेवटी दोन शून्यं असली की लोकांना भव्य वाटतं. तसं पाहिलं तर स्विचच्या १७.०.०मध्ये ‘वापरणाऱ्याचा अनुभव सुधारावा म्हणून सिस्टिमच्या स्थैर्यात सर्वसाधारण सुधारणा’ या नेहमीच्या ओळीपलीकडे काही नव्हतं. आणि ती ओळ तरी रिकामी कशाला म्हणायची? तिच्याआड सुरक्षेतली भोकं बुजवली जातात, ती कुठं होती हे चोराला कळू नये म्हणून तपशील देत नाहीत. पण असा रटाळ खुलासा करण्यापेक्षा ‘काहीतरी मोठं लपवतायत’ म्हणणं केव्हाही सरस.

एक पथ्य कडक पाळा: कंपनी स्वतः काय सांगते तिकडे कान देऊ नका. धंदा बसतो. १८ मार्च २०२०ला प्लेस्टेशन ५चे मुख्य रचनाकार मार्क सर्नींनी त्याची अंतर्रचना जाहीरपणे समजावून सांगितली. आतल्या साठवणीच्या ड्राइव्हचा वेग सेकंदाला ५.५ जीबी. कुठली माहिती आधी आणायची, या प्राधान्याच्या त्याला सहा पातळ्या, बाजारातल्या एनव्हीएमई जातीच्या वेगवान ड्राइव्हना खऱ्या अर्थानं दोनच. म्हणून साठवण वाढवायला बाजारातला ड्राइव्ह आत बसवायचा तर तो अंमळ जास्तच वेगवान लागेल, तपासायला वेळ लागेल, सोय बहुधा कन्सोल आल्यानंतर काही काळानं मिळेल, आणि आम्ही सांगेपर्यंत ड्राइव्ह विकत घेऊ नका. इतकं स्वच्छ बोलल्यावर अंदाज बांधायला उरतंच काय? तरी मंडळींनी हिंमत सोडली नाही. नोव्हेंबर २०२०पासून ‘पुढच्या आठवड्यात चालू होणार’ अशी भाकितं झाली आणि कित्येकांनी ड्राइव्ह आणूनही ठेवले.

तुम्हीही तसंच करा. कोणता चालेल याची यादी येण्याआधी घेतलेल्या ड्राइव्हची मजा वेगळीच. सप्टेंबर २०२१मध्ये सोय चालू झाली तेव्हा कळलं की पीसीआयई या जोडणीच्या चौथ्या पिढीचाच ड्राइव्ह लागतो. तिसऱ्या पिढीचा स्वस्तात मिळाला म्हणून आणलेला कन्सोल स्वीकारत नाही. साटा या जुन्या जोडणीचा एम.२ (म्हणजे त्याच पट्टीच्या आकाराचा) ड्राइव्ह दिसायला तसाच असतो, तोही नाही. हीटसिंक, म्हणजे उष्णता खेचणारा धातूचा तुकडा, सक्तीचा, पण तो धरून एकूण जाडी ११.२५ मिमीच्या आत: सर्किटच्या पट्टीच्या वर ८ मिमी, खाली २.४५ मिमी. रुंदी २५ मिमीपर्यंत. पीसीसाठी बनवलेला डोंगराएवढा हीटसिंक लावून आणला की खाचेवरचं झाकण बसत नाही. ४ टीबीची मर्यादा होती, ती ८ टीबी व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडलं. हे सगळे आकडे कंपनीनं प्रसिद्ध केले, पण ते आल्यावर खरेदी करणारे बावळट, आपण द्रष्टे.

आणखी एक गोष्ट लोकांना कळू देऊ नका, ती म्हणजे बीटा, अर्थात चाचणीची आवृत्ती. प्लेस्टेशन ५ची मोठी अपडेट आधी काही निवडक देशांतल्या निमंत्रितांकडे बीटा म्हणून जातात, काय नवं आहे याच्या जाहीर यादीसकट. एम.२ची सोय जुलै २०२१मध्ये बीटात, सप्टेंबरमध्ये सर्वांकडे. १४४०पी दर्जाचं चित्र आणि गेमच्या याद्या करायची सोय (गेमलिस्ट) जुलै २०२२मध्ये बीटात, सप्टेंबरमध्ये सर्वांकडे. डॉल्बी अ‍ॅटमॉस हा चहूबाजूंनी घेरणारा आवाज ऑगस्ट २०२३मध्ये बीटात, सप्टेंबरमध्ये सर्वांकडे. पाच ते सात आठवड्यांचं अंतर. ही यादी वाचून ‘सप्टेंबरात येईल’ म्हणणाऱ्याचं भाकीत खरं ठरतं, आणि म्हणूनच त्याला कुणी विचारत नाही.

तारीख सांगताना ‘लवकरच’ वापरा, फार आग्रह झाला तर ‘वर्षाच्या उत्तरार्धात’. कोणत्या वर्षाच्या, ते बोलू नका. याबाबतीत कंपन्याही आपल्याच बिरादरीतल्या. गेम मध्येच थांबवून कन्सोल झोपवायचा आणि उठवला की तिथूनच सुरू, हे प्लेस्टेशन ४ जाहीर करतानाच, फेब्रुवारी २०१३मध्ये सांगितलं होतं, ते २.५० आवृत्तीत, मार्च २०१५मध्ये आलं. प्लेस्टेशन ५च्या सुरुवातीच्या खोक्यावर ८के हे चित्राच्या दर्जाचं बिरुद छापलेलं होतं. २०२४मध्ये नव्या खोक्यांवरून ते गुपचूप गायब झालं. खोकंच अफवा पसरवतंय म्हटल्यावर आपण कशाला लाजायचं?

विषय आटले तर थीम, म्हणजे मेनूची रंगसजावट, आहेतच. स्विचवर बेसिक व्हाइट आणि बेसिक ब्लॅक या दोनच, त्यामुळे ‘थीम येणार’ हे कधीही म्हणावं. प्लेस्टेशन ५वर तर डिसेंबर २०२४मध्ये जुन्या प्लेस्टेशनचे देखावे तिसाव्या वर्धापनदिनाच्या निमित्तानं आले, जानेवारी संपताना गेले आणि एप्रिल २०२५मध्ये परत आले. म्हणजे एकाच भाकितावर तीनदा टाळ्या घेता आल्या असत्या. फोल्डरचा विषय मात्र संपला: मार्च २०२२च्या १४.०.०मध्ये स्विचवर ते ‘ग्रुप’ म्हणून आले. शंभर ग्रुप, प्रत्येकात दोनशे गेम. इतके गेम कुणाकडे असतात हा प्रश्न वेगळा.

काय जाणार, याचं भाकीत मात्र करायचं नाही. प्लेस्टेशन ३वर लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली टाकायची सोय होती. ३.२१ अपडेटनं ती १ एप्रिल २०१० रोजी काढून घेतली, आणि अपडेट न घेणाऱ्याला ऑनलाइन खेळता येईना. गेममधला फोटो थेट एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) टाकायची सोय प्लेस्टेशनवरून नोव्हेंबर २०२३मध्ये गेली, स्विचवरून जून २०२४मध्ये. अपडेट येते तशी नेतेही. २.४० आवृत्तीनं जुलै २००८मध्ये काही प्लेस्टेशन ३ सुरूच होईनासे केले. सोनीला ती मागे घ्यावी लागली आणि काही दिवसांनी २.४१ काढावी लागली. त्याच २.४०मध्ये गेममधल्या पराक्रमांसाठी मिळणाऱ्या ट्रॉफी होत्या आणि गेम चालू असताना मेनू उघडायची बहुप्रतीक्षित सोय होती. म्हणजे ज्यांनी भाकीत खरं ठरल्याच्या आनंदात पहिल्याच दिवशी अपडेट टाकली, त्यांच्यातल्याच काहींचे कन्सोल आडवे झाले. तुम्ही तरीही पहिल्या मिनिटाला टाका. आठवडाभर थांबून, सेव्ह फाइलची प्रत काढून, मग सावकाश अपडेट करणाऱ्याला ‘आलं बरं का, मी म्हटलं तेच आलं’ असं ओरडायची संधी कशी मिळणार?