"हवेतला सिग्नल फुकटाचा" म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस-दारव्हा-आर्णी पट्ट्यातल्या ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरून राहिला. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: "डीटीएचवाल्यांची लूट बंद! सिग्नल हवेतून येतो, हवा कोणाच्या बापाची नाही, 1995 साली सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की लहरी जनतेच्या आहेत. जुन्या सेट टॉप बॉक्समध्ये पेनड्राइव्हनं आमचं सॉफ्टवेअर टाका, सगळे पेड चॅनल लाइफटाइम फ्री, नेट नको, रिचार्ज नको. कंपनीले पत्ता लागत नाही. एका बॉक्सवरून पूर्ण मोहल्ल्याले वायर द्या आणि महिन्याले कमवा. फ्री डिश बंद होणार, त्याच्या आत घ्या. फक्त 599." खाली एक क्यूआर आणि एक एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून फोनमध्ये ॲप टाकायची फाइल.

मी डिश बसवायचंच काम करतो, असे मेसेज खूप येतात, मी डिलीट करतो. पण हा मेसेज माझ्या आतेभावानं पाठवला, नुकताच आयटीआय करून घरी बसलेला पोरगा, आणि खाली लिहिलं, "दादा, मी हाच धंदा टाकतो, आई पैशे देतो म्हणते." आत्याचे पैशे म्हणजे कापसाचे पैशे, तेही अजून पूर्ण हाती आलेले नाहीत. म्हणून मुद्दा-मुद्दा घेऊन लिहितो, नवीन जे कोणी या लाइनमध्ये येऊन राहिले त्यांनीही वाचा.

सगळ्यात आधी ते सुप्रीम कोर्टाचं, कारण शिकलेले लोकंही तिथंच फसतात. निकाल खरा आहे, 9 फेब्रुवारी 1995 चा, आणि त्यात प्रसारणाच्या हवेतल्या लहरी, त्यांची फ्रिक्वेन्सी, ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं लिहिलेलं आहे, हेही खरं. पण केस काय होती ते मेसेजवाला सांगत नाही. 1993 साली हीरो कप झाला, क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालनं मॅच दाखवायचं काम एका परदेशी कंपनीला दिलं, आणि दूरदर्शन व सरकार म्हणालं की देशात प्रसारण करायचा हक्क आमचाच. भांडण होतं दाखवायचं कोणी याचं. पेड चॅनल फुकट पाहायचा का, हा प्रश्न त्या कोर्टासमोर नव्हताच! न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपल्या महाराष्ट्रातलेच, त्यांच्या निकालाच्या शेवटी निष्कर्ष आहेत, ते ऑनलाइन कोणालाही वाचता येतात, मी तेवढे नीट वाचले. त्यात म्हटलं की लहरी सार्वजनिक आहेत, आणि लगेच पुढच्याच वाक्यात म्हटलं की म्हणूनच त्यांच्या वापरावर सार्वजनिक संस्थेचं नियंत्रण पाहिजे, जनतेच्या हितासाठी, आणि त्यासाठी स्वतंत्र स्वायत्त संस्था उभी करा असा सरकारला आदेश दिला. म्हणजे मेसेजवाल्यानं पहिलं वाक्य घेतलं न दुसरं कापलं. अरुणावती धरणाचं पाणी सार्वजनिकच आहे ना, म्हणून काय कोणीही रात्री जाऊन कालव्याचं गेट उघडून आपल्याच वावरात पाणी फिरवून घ्यायचं? सार्वजनिक आहे म्हणूनच तिथं पाळी असते.

आणि लहर वेगळी, तिच्यावर बसून आलेला कार्यक्रम वेगळा. कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 37 प्रसारण करणाऱ्याला त्याच्या प्रसारणावर वेगळा हक्क देते, 25 वर्षांचा. 2012 च्या दुरुस्तीनं कलम 65अ आलं, त्यात हक्क मोडायच्या हेतूनं, चोरी रोखायला लावलेलं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. कोर्टाचं नाव घेऊन मेसेज पाठवणाऱ्यानं हे एकदा तरी वाचायला पाहिजे होतं.

आता "पेनड्राइव्हनं सॉफ्टवेअर टाका, नेट नको, लाइफटाइम". हे वाचून मला खरंच राग आला, कारण आतेभाऊ इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि तरी त्याला हे पटलं. नीट ऐका. सिग्नल आपल्या छतावर येतो हे खरं, सगळ्यांच्याच छतावर येतो, पैसे भरलेल्याच्या आणि न भरलेल्याच्याही. उपग्रह पृथ्वीपासून 36 हजार किलोमीटरवर बसून अख्ख्या देशावर एकसारखाच सिग्नल टाकतो. पण पेड चॅनल येतानाच विस्कटून येतो, चित्र-आवाज दोन्ही. तो जुळवायला जी किल्ली लागते ती एकदाच मिळून जन्मभर चालणारी नसते, साधारण दहा-दहा सेकंदांनी बदलते! नवीन किल्ली सिग्नलमध्येच बंद करून पाठवतात, आणि ती उघडायचं काम बॉक्समध्ये घातलेल्या कार्डातली किंवा बॉक्समधलीच चिप करते, तेही तुमचा रिचार्ज चालू आहे असा निरोप उपग्रहावरून आलेला असेल तरच. रिचार्ज केल्यावर बॉक्स चालू ठेवा म्हणतात ते याच्यासाठीच. मग सांगा, दर दहा सेकंदांनी बदलणारी किल्ली पेनड्राइव्हमध्ये कोण भरून देऊ शकतो? कोणीच नाही.

बरं, चोरीचे प्रकार नाहीतच असं मी म्हणत नाही. आहेत. एक म्हणजे सीसीकॅम, कार्ड शेअरिंग. कुठंतरी एक माणूस खरं रिचार्ज केलेलं कार्ड सर्व्हरला लावून ठेवतो आणि त्या बदलत्या किल्ल्या नेटवरून शंभर जणांना पुरवतो. त्याला नेट लागतंच लागतं, आपल्याकडं नेट किती वेळ टिकते न लाइट किती वेळ ते सांगायची गरज नाही, मॅचच्या शेवटच्या ओव्हरला चित्र गोठलं की मग फोन करत बसा ज्याचा नंबर आता लागत नाही. दुसरं म्हणजे मोठ्या जाळीच्या डिशवर, सी बँडवर पॉवरव्ह्यू नावाचं कुलूप उघडणारे रिसिव्हर चालायचे, काही वर्षांपूर्वी त्या कुलपाच्या किल्ल्या फुटल्या होत्या, माझ्या ओळखीच्या लोकांनीही लावले होते. पण ते सिग्नल केबलवाल्यांच्या कंट्रोल रूमसाठी असतात, घरासाठी नाही, आणि चॅनलवाल्यानं किल्ली किंवा कुलूपच बदललं की एका रात्रीत स्क्रीन काळी. या दोन्हीत लाइफटाइम काहीच नाही. आणि या मेसेजमध्ये तर हेही नाही, यात नुसता पेनड्राइव्ह आहे. अशी कुठलीही फाइल कंपनीच्या बॉक्समध्ये घुसवायला गेले तर बॉक्स एक तर ती घेतच नाही, नाहीतर लाल लाइटवर अडकून बसतो. माझ्याकडं असे बॉक्स येतात, बहुतेक तर रिपेअर होत नाहीत.

पण खरं विष त्या एपीके फाइलमध्ये आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी 599 पाठवले, मग फोन आला की ॲक्टिव्हेशन करायचं, हे ॲप टाका, सगळ्या परवानग्या "अलाऊ" करा. टीव्ही चालू करायला फोनमधले एसएमएस वाचायची परवानगी कशाला पाहिजे? एवढा एक प्रश्न कोणी विचारला असता तर थांबलं असतं. असं ॲप एसएमएस वाचते म्हणजे बँकेचा ओटीपी वाचते, ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिली तर स्क्रीनवर काय टाइप करता तेही पाहू शकते. मग म्हणे, "रिफंडसाठी पिन टाका." अहो, यूपीआय पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, कधीच! काकूंच्या खात्यातले सोयाबीनचे पैसे गेले. किती गेले ते इथं लिहीत नाही, त्यांना लाज वाटते, पण लाज त्यांना नाही, तो मेसेज न वाचता पुढं ढकलणाऱ्या आपल्या सगळ्यांना वाटायला पाहिजे. कोणाचं असं झालं असेल तर आधी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, ताबडतोब, दुसऱ्या दिवशी नाही, जितक्या लवकर तक्रार जाते तितकी पैसे पुढं जायच्या आत अडकवायची शक्यता जास्त. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही तक्रार करता येते. आणि फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका, बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. पोरांनो, आईबापाच्या फोनमध्ये एकदा बघा, कोणतं ॲप कुठून आलं.

"कंपनीले पत्ता लागत नाही" यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. डिश फक्त घेते, परत काही पाठवत नाही, त्यामुळं नुसतं घरात बसून कोण काय पाहतो हे उपग्रहाला दिसत नाही. घरात एकट्यानं पाहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पोलिसांनी उचललं असं मीही कधी पाहिलं नाही. पण कार्ड शेअरिंग नेटवरून चालते न नेटवर प्रत्येक जोडणीचा माग राहतो, आणि ज्याच्या खात्यात 599, 599 जमा होऊन राहिले त्याचा तर बँकेतच माग आहे. आतेभाऊ, तो खातेवाला तू होशील, हे लक्षात ठेव.

तसंच ते मोहल्ल्याला वायर द्यायचं. एका घरच्या कनेक्शनवरून वीस घरी वायर टाकून महिन्याचे पैसे घेतले की तू केबल ऑपरेटर झाला, आणि 1995 च्या केबल टीव्ही कायद्यानं नोंदणीशिवाय ते करता येत नाही. पैसे घेऊन लोकांना प्रसारण दाखवणं हे त्याच कलम 37 मध्ये स्पष्ट लिहिलेलं उल्लंघन आहे, आणि कलम 63 खाली कमीत कमी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. 2022 साली सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असंही सांगितलं. मॅच चालू असताना स्क्रीनवर मधेच एक लांबलचक नंबर येऊन जातो, पाहिला असेल सगळ्यांनी. तो बॉक्सची किंवा कार्डाची ओळख असते, म्हणजे कोणत्या कनेक्शनवरून वायर गेली ते कळावं म्हणून. गावात पाहणाऱ्यानं एक फोटो काढला तरी पुरे.

डीटीएच महाग झालं, हे मात्र मी नाकारत नाही. 2019 मध्ये ट्रायचे, म्हणजे टीव्ही-फोनवर नियम करणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवीन नियम आले तेव्हा चॅनल निवडायच्या आधीच 130 रुपये नेटवर्क फी न वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये, आणि पेड चॅनलचे पैसे वेगळे. हंगाम संपून मजुरी नसते तेव्हा हे रिचार्ज जड जाते, रिचार्ज संपून महिना-महिना टीव्ही बंद असलेली घरं मी रोज पाहतो. लोकांचा राग खोटा नाही. म्हणूनच त्या रागावर धंदा करणाऱ्याची मला चीड येते.

आणि शेवटचा मुद्दा, "फ्री डिश बंद होणार". हे तर दरवर्षीचंच. प्रसार भारतीचं डीडी फ्री डिश डिसेंबर 2004 पासून चालू आहे, तेव्हा त्याला डीडी डायरेक्ट प्लस म्हणायचे, आणि त्याला महिन्याचा एक रुपया लागत नाही. कसं परवडतं म्हणाल तर खासगी चॅनल जागेसाठी लिलावात पैसे भरतात, पाहणाऱ्याकडून घ्यायची गरजच पडत नाही. छत्री, एलएनबी (छत्रीपुढचा सिग्नल धरणारा डबा), बॉक्स, वायर मिळून साधारण दोन हजारांत एकदाच काम होते. सह्याद्री, डीडी किसान, डीडी स्पोर्ट्स, पोरांच्या अभ्यासाचे चॅनल, बातम्या, पिच्चर, सगळं त्यात. मॅचचं म्हणाल तर 2007 चा कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या मॅचचा सिग्नल प्रसार भारतीला द्यावाच लागतो, म्हणून भारताच्या कितीतरी वन-डे न टी-20 डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसतात. आयपीएल त्यात नाही, ते खरं.

आतेभावाला धंदाच करायचा असेल तर हा करावा, कारण आपल्या खेड्यापाड्यात अजूनही सिग्नल धरता येणारा माणूस पटकन सापडत नाही. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्व. यवतमाळच्या बाजूनं छत्री आग्नेयेला, दक्षिणेपासून पूर्वेकडं साधारण 40 अंश वळवून, उंची 60 अंशांच्या आसपास. त्याच जागेवर सन डायरेक्टही आहे, म्हणून सिग्नल मीटर वाजला की लगेच नट आवळू नको, बॉक्समध्ये डीडीचे चॅनल स्कॅन झाले का ते आधी बघ. नवीन लोकंही इथंच चुकतात, सिग्नल 80 टक्के दाखवते न चॅनल मात्र सगळे लॉक, मग गिऱ्हाईकाला सांगतात कार्ड लागेल. कार्ड लागत नाही, तुम्ही दुसऱ्याचे चॅनल धरले आहेत. आणि बॉक्स घेताना एमपेग-4 वालाच (चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा) घ्यायला सांग, जुन्या एमपेग-2 बॉक्सवर सगळे चॅनल येत नाहीत, आणि दुकानदार तेच स्वस्तात खपवून राहिले.