इंजिन कोणत्या सालचे?

ज्या आजोबांनी माझ्या इंजिनाला मस्टर्ड लावले, त्यांचे नाव मी विचारले नाही. विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. डेट्रॉइटच्या एका उपनगरात मॉडेल मोटारींची स्पर्धा होती आणि तेथे माझी १९४१ ची विलीज कूप, एकास पंचवीस प्रमाणातली, 'गॅसर, १९६२' अशी चिठ्ठी लावून मांडलेली होती. गॅसर म्हणजे नायट्रोमिथेनच्या नादी न लागता साध्या पेट्रोलवर पाव मैल पळणारी, नाक वर करून उभी राहणारी जुनी गाडी. एवढी पार्श्वभूमी पुरे.

खरी डोकेदुखी इंजिनाची होती. किटमध्ये आलेले इंजिन ४२६ हेमी (४२६ घनइंचांचे, अर्धगोल ज्वलनकक्षाचे) होते, म्हणजे क्रायस्लरने १९६४ च्या फेब्रुवारीत डेटोनाच्या मोटारशर्यतीत उतरवलेले आणि रिचर्ड पेटी या चालकाने ज्याच्या जोरावर ती शर्यत मारली ते. १९६२ ची चिठ्ठी लावलेल्या गाडीत ते बसवले, तर या छंदातली माणसे नुसती हसत नाहीत, कीव करतात. मग मी शोधाला लागलो. शेवरोलेचे ३२७ नेमके १९६२ च्याच मॉडेलांबरोबर आलेले असल्यामुळे चालण्यासारखे होते, पण इतके काठावरचे साल घेतले की खुलासे करत बसावे लागते. ओल्ड्समोबिलवर माझे मन बसले होते, कारण स्टोन, वुड्स आणि कुक या गॅसर पळवणाऱ्या नामांकित त्रयीच्या विलीजमध्येही आधी ओल्ड्सच होते. पण पुढे त्यांनीही क्रायस्लर हेमी बसवले, मग मी एकट्यानेच निष्ठा का सांभाळावी? शेवटी १९५७-५८ चे ३९२ हेमी मुक्रर झाले आणि त्याच्या डोक्यावर ६-७१ ब्लोअर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. हा ब्लोअर मुळात जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा; सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून ६-७१. ती इंजिने ट्रक, बस आणि युद्धात सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्या ओढत असत. त्या काळची पोरे भंगारातल्या क्रायस्लरचे इंजिन आणि मोडीतल्या बसचा ब्लोअर उचलून आणत, रात्रभर खटपट करून दोघांचे लग्न लावत आणि रविवारी पळवत. इंजिन काळाला धरून आहे की नाही, हे त्यांना कुणी विचारले नाही, कारण तो काळ तेव्हा चालू होता. विचारणारे सगळे नंतर जन्मले, आणि त्यांतला एक मी.

आता ३९२ आणि ४२६ यांत लांबून चटकन दिसणारी खूण एकच: ३९२ चा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीची वीज प्रत्येक प्लगला वाटणारा भाग, इंजिनाच्या मागे असतो, ४२६ चा पुढे. माझ्या मॉडेलमधला डिस्ट्रिब्युटर मसुराच्या दाण्याएवढा होता. त्याला भोके पाडून, खऱ्या सात मिलिमीटरच्या वायरीच्या हिशेबाने ०.२८ मिलिमीटर जाडीच्या आठ तारा मी चिमट्याने ओवल्या आणि प्रत्येक तार व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध आपापल्या प्लगपर्यंत नेली. या काळात घरातला गळका नळ गळतच राहिला, याची नोंद घरच्यांनी घेतलेली आहे.

तर ते आजोबा. एका हातात हॉट डॉग, डोक्यावर तेलकट टोपी. ते वाकले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पोरा, तुझा डिस्ट्रिब्युटर उलट्या बाजूला लागला आहे." पन्नाशी उलटलेल्या माणसाला पोरा म्हणणारे कुणीतरी अजून शिल्लक आहे, या आनंदात मी नम्रपणे सांगितले की हे ३९२ आहे आणि त्याचा डिस्ट्रिब्युटर मागेच असतो.

"विलीजमध्ये ४२६ असायचे."

"ते १९६४ ला आले, आजोबा."

"मी १९६० ला पाहिले. डेट्रॉइट ड्रॅगवेवर, नॅशनल्सला. पंधरा वर्षांचा होतो, कुंपणावरून उडी मारून आत शिरलो होतो."

आता, १९५९ आणि १९६० च्या नॅशनल्स, म्हणजे पाव मैलाच्या शर्यतींच्या राष्ट्रीय स्पर्धा, डेट्रॉइट ड्रॅगवेवर झाल्या, हे शंभर टक्के खरे. त्यामुळे कुंपणही खरे आणि उडीही खरी असणार. खोटे होते ते फक्त इंजिन. मी डेटोना सांगितले, पेटी सांगितला. ते शांतपणे चावत म्हणाले, "हे सगळे छापलेले. छापणारे तिथे नव्हते. मी होतो." या युक्तिवादाला जगात उत्तर नाही, हे पुण्यात राहिलेल्या कुणालाही माहीत आहे, पानशेतचा पूर प्रत्येक काकांनी लकडी पुलावरूनच पाहिलेला असतो आणि तुम्ही तारीख काढलीत तर ते तुमच्या जन्माची तारीख विचारतात. आजोबांनीही विचारली. मग, "तुमच्या देशात गाड्यांच्या शर्यती होतात का?" असेही विचारले. आमच्या घरी पद्मिनी होती, १०८९ सीसीची, कुर्ल्याला बनलेली. इंजिन कोणते निवडावे हा प्रश्न तिने आम्हाला कधी पडू दिला नाही. खंबाटकी घाटात बॉनेट उघडून ती निवेपर्यंत थांबायचे, एवढीच आमची शर्यत. हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मात्र त्या प्रश्नाचा सूर मला झोंबला, आणि अजून झोंबतो.

"पुढे असायला हवा, असा," असे म्हणत त्यांनी जागा दाखवायला बोट पुढे केले. बोटाला मस्टर्ड होते. बोट मागे आले तेव्हा माझा डिस्ट्रिब्युटर, दोन तारांसह, त्या मस्टर्डमध्ये रुतलेला होता आणि उरलेल्या सहा तारा व्हॉल्व्ह कव्हरवर मोकळ्या लोंबत होत्या. आजोबांनी बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, ऐवज कागदी रुमालाला पुसला आणि समाधानाने म्हणाले, "आता कसे, कोणत्याही सालचे चालेल." रुमाल त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्या डब्यात तसलेच पिवळे रुमाल गच्च भरलेले होते.

परीक्षकांच्या कागदावर 'इग्निशन अपूर्ण' असा शेरा आला आणि गुण कापले गेले. पहिले बक्षीस ज्या विलीजला मिळाले तिच्यावर १९६१ ची चिठ्ठी होती, रंग आरशासारखा होता आणि डिस्ट्रिब्युटर, अर्थातच, पुढे होता. मी परीक्षकांना ते दाखवले. ते सौजन्याने म्हणाले की, इंजिनाच्या सालाला आम्ही गुण देत नाही. मग प्रवेशअर्जात 'इंजिनाचे वर्ष' हा रकाना कशासाठी आहे, आणि तो भरल्याशिवाय अर्ज का घेत नाहीत, असे मी विचारले. तो जुन्या अर्जातून तसाच उतरत आला आहे, असे ते म्हणाले.