मोठी रिम, बारीक टायर आणि आपले खड्डे

हल्ली कुणी नवीन गाडीचा फोटो टाकला की खाली कमेंट ठरलेली, "अलॉय कसले भारी दिसतायत भाऊ". अलॉय म्हणजे मिश्रधातूची चाकं, दिसतातच भारी, नाही कोण म्हणतंय. मोठी रिम, वर बारीकसा टायर, गाडी पार्किंगमधे उभी असली तरी पळतेय असं वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ती गाडी ताम्हिणीमार्गे कोकणात न्यायची असेल किंवा रोज घोडबंदर रोडवरून ऑफिसला न्यायची असेल तर तो टायर आपल्या कामाचा नाही, आणि शोरूममधला जो पोरगा सांगतो की "काही फरक पडत नाही सर", त्याला एकदा ऐन जुलैत माणगाव ते महाड शेजारी बसवून न्या.

टायरवरचे आकडे आपण वाचतच नाही. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, त्याच्या ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिमी साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, आणि रिम १५ इंची. आता त्याच गाडीला हौसेने २०५/४५ आर १७ टाकला तर चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, ६२१ च्या जागी ६१६ मिमी, स्पीडोमीटरलाही फारसा पत्ता लागत नाही, पण रबराची भिंत उरते फक्त ९२. म्हणजे मधला पावणेतीन सेंटीमीटर रबर गेला आणि तिथे धातू आला. आता बोलेरोचा २१५/७५ आर १५ बघा, साईडवॉल १६१ मिमी. गावाकडे घरटी बोलेरो उगाच नाही दिसत.

खड्ड्यात नक्की होतं काय, तर चाक आत उतरतं आणि पलीकडची कड येऊन थेट टायरवर आदळते. रबर दाबलं जातं, भिंत उंच असेल तर तिथेच धक्का जिरतो, नसेल तर रस्त्याची कड आणि रिमची कड यांच्या मधे टायर चिमटला जातो. त्यात आतले धागे तुटतात. वरून काहीच दिसत नाही, रबर शाबूत, हवा पण बरोबर, आणि काही दिवसांनी तुटलेल्या धाग्यांच्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते आणि फुगा येतो. हा फुगा रिपेअर होत नाही, कुणी पॅच मारून देतो म्हटलं तरी मारू नका, हायवेवर शंभरच्या स्पीडला तो फुटला तर गाडी कुठे जाईल सांगता येत नाही.

माझ्या आतेभावाच्या गाडीला हेच झालं. वडखळच्या पुढे डायव्हर्जनला काँक्रीटची कड होती, पाण्याने भरलेली, दिसलीच नाही. धाडकन आवाज झाला, उतरून बघितलं तर बाहेरून काही नाही, म्हणून तसेच पुढे गेलो. मग ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरायला लागलं. पंक्चरवाल्याने चाक काढलं, आडवं टाकलं आणि आतल्या बाजूने बोट फिरवत फिरवत एका जागी थांबला, म्हणाला "दादा इथे हात लावा". अर्ध्या लिंबाएवढा फुगा, आतल्या बाजूला, चाक गाडीवर असताना तो दिसणं शक्यच नाही. रिमलाही आऊट होता, म्हणजे ती वाकली होती. त्याच्याकडे टायर नाही, पुढच्या गावात नाही, १५ इंची सगळीकडे मिळतात पण हा साईज शहरातून मागवावा लागेल म्हणाला. आणि एक मागवून पण भागत नाही, पलीकडच्या बाजूचा जोडीदार टायर झिजलेला असला की दोन्ही घ्या.

रिमचं वेगळंच. जुनी लोखंडी डिश, म्हणजे साधी रिम, वाकली तर हातोड्याने ठोकून सरळ व्हायची, दिसायला घाण पण काम चालायचं. अलॉय वाकतो किंवा सरळ तडकतो. मग गॅसच्या फ्लेमने गरम करून जॅकने दाबून आऊट काढून देतात, तडा असेल तर आर्गन वेल्डिंग मारतात, वरून पॉलिश, आणि आपण खूश. पण नको तिथे तापवलेला अलॉय आधीइतका मजबूत राहत नाही. शिवाय टायरने जो धक्का खाल्ला नाही तो पुढे सस्पेन्शनमधे जातोच कुठेतरी, बुश, लिंक रॉड, लोअर आर्म, शॉकअप. बिल तिथे निघतं आणि आपण म्हणतो या कंपनीचं सस्पेन्शनच बोगस.

आता "मग फॉरेनला सगळे कसे वापरतात" हा प्रश्न येणारच. बारीक टायरचे फायदे आहेत, वळणावर साईडवॉल कमी लचकते, स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच ऐकते, आत मोठा ब्रेक बसतो. पण सपाट डांबरावर. वर्ल्ड रॅलीवाल्यांचंच बघा की, डांबराच्या रॅलीला १८ इंची रिम आणि मातीखडीच्या रॅलीला त्याच गाडीला १५ इंची, उंच टायर. वाळवंटातल्या डकार रॅलीला तर ३७ इंची टायर आणि आत रिम १७ ची. ज्यांचं पोट यावर चालतं ते रस्ता बघून रिम लहान करतात आणि आपण कात्रज-कोंढवा रोडवर १८ घालून फिरतो.

खरा राग मला कंपन्यांचा आहे. चांगले हेडलाईट, मागचा कॅमेरा, बरा म्युझिक सिस्टीम हवा असेल तर टॉप व्हेरियंट घ्या, आणि टॉप व्हेरियंट म्हटलं की मोठी रिम गळ्यात पडलीच. खालच्या व्हेरियंटची लहान चाकं टॉपला द्या म्हटलं तर असं करता येत नाही सर. जमलं तर मधला व्हेरियंट घ्या, किंवा वरच्याला खालच्याची चाकं बसतात का ते विचारा. फक्त ब्रेक कॅलिपरला रिम घासता कामा नये आणि टायरचा लोड इंडेक्स कंपनीने दिलाय त्याच्या खाली जाऊ नये, म्हणजे ८८ असेल तर ८४ चा स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका, ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो आणि ८४ म्हणजे ५००.

ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी निदान हवा कमी ठेवू नका. गाडी कडक लागते म्हणून लोक चार-पाच पीएसआय सोडतात आणि मग टायर आणखी सहज चिमटतो. खड्डा चुकणारच नाही असं दिसलं की आधी जेवढा मारायचा तेवढा ब्रेक मारा आणि आत जाताना सोडा, दाबून धरला की गाडीचं नाक खाली येतं आणि सगळा भार पुढच्याच चाकावर. इन्शुरन्सच्या भरवशावर तर राहूच नका, साध्या पॉलिसीत नुसता टायर गेला तर काही मिळत नाही, त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे अर्धे, बाकी हवं तर टायर-रिमचं वेगळं ॲड-ऑन घ्या.

आणि स्टेपनी. २०२० पासून प्रेशर सेन्सर आणि रिपेअर किट दिलं तर ट्यूबलेस टायरच्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते असा नियम झालाय, त्यामुळे काही गाड्यांमधे डिकी उघडली की खाली नुसती एक बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर. खिळा घुसला तर ठीक, साईडवॉल फाटली तर त्या बाटलीने काहीही होत नाही. रात्री दहाला कशेडी घाटात पोरं मागे झोपलेली असताना हे कळण्यापेक्षा बुकिंगच्या आधी डिकीतलं कार्पेट उचलून बघा, सेल्सवाला हसला तर हसू दे.